अजब बंगला सोमवारी बंद असतो

धरमपेठेतून रिक्षा केली आणि ‘सेंट्रल म्युझियम’ म्हटलं, तर रिक्षावाल्याने मान वळवून विचारलं, “कोणतं? रमण सायन्सवालं का?” मी म्हटलं, नाही, सिव्हिल लाइन्समधलं. जुनं. दगडी मूर्ती आहेत ते.

“मंग अजब बंगला म्हना ना मॅडम!” त्याने रिक्षा सुरू केली आणि दोन मिनिटांनी, जणू राहवलं नाही म्हणून, पुन्हा विचारलं, “ठाण्याहून आल्या म्हनता, अन् पह्यला नंबर अजब बंगल्याचा? तिथं काय, मेलेले प्रानी पाह्यता?”

माझा बेत मेलेले आणि जिवंत दोन्ही पाहण्याचा होता. डिसेंबर-जानेवारीत नागपुरात दोन जागा एकापाठोपाठ पाहायच्या, असं गेली काही वर्षं मनात होतं. एक हा अजब बंगला. दुसरी दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचा परिसर, जिथे थंडीत हस्तकलेचा मेळा भरतो, कारागीर स्वतः बसून काम करून दाखवतात, शिकवतातही, आणि रात्री लोकनृत्यं होतात. दोन्ही सिव्हिल लाइन्समध्येच, चालत जाण्याच्या अंतरावर. नागपूरकरांना मात्र या दोन जागांचा एकमेकांशी काही संबंध आहे असं वाटत नाही. मावशीने तर स्पष्टच सांगितलं, “मेळ्यात मी दरवर्षी जाते. अजब बंगल्यात शाळेची सहल गेली होती तेव्हा गेले, ती शेवटची.” मावशी आता सत्तरीची आहे.

नाव तसं बरोबरच ठेवलंय लोकांनी. उत्तरेत अजायबघर म्हणतात, कोलकात्यात जादूघर. आपल्याकडे बंगला दिसला म्हणून अजब बंगला. इमारत बैठी, पसरलेली, साहेबी थाटाची. १८६३ साली ही संस्था सुरू झाली, म्हणजे मुंबईचं राणीच्या बागेतलं संग्रहालय लोकांना खुलं झालं (१८७२) त्याच्याही आधी. नागपूर तेव्हा नुकतंच राजधानी झालं होतं. तिसरे रघुजी भोसले १८५३ मध्ये वारले, पुढच्याच वर्षी इंग्रजांनी राज्य खालसा केलं आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत नावाचा एक भलाथोरला, आडवातिडवा प्रांत तयार केला. सागर-जबलपूरपासून छत्तीसगडापर्यंत सगळं त्यात. या प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांना आपल्या ताब्यात नेमकं काय आलंय ते जाणून घ्यायचं होतं, आणि संग्रहालय हा ते जाणून घेण्याचा एक मार्ग होता. दगड, धान्य, लाकूड, शिलालेख, पक्षी, माणसं. सगळ्याची मोजदाद.

टेंपल यांच्याइतकंच, किंबहुना जास्त, मला स्टीफन हिस्लॉप हे नाव या जागी आठवतं. स्कॉटिश मिशनरी, १८४५ मध्ये नागपुरात आलेले. धर्मप्रचारासाठी आले आणि इथल्या जमिनीच्या प्रेमात पडले. नागपूरच्या आसपासच्या खडकांत वनस्पतींचे आणि जीवांचे अवशेष शोधत फिरायचे. एका खनिजाला त्यांचं नावही आहे, हिस्लोपाइट. गोंड लोकांची गाणी, चालीरीती, लिंगोची कथा त्यांनी उतरवून घेतली. १८६३ च्या पावसाळ्यात नागपूरच्या दक्षिणेला टाकळघाटला शिलावर्तुळं उकरली जात होती. शिलावर्तुळ म्हणजे मोठमोठ्या धोंड्यांचं गोल कडं, आत पुरलेली माणसं आणि त्यांची लोखंडी हत्यारं. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या या दफनांनी नागपूरचा परिसर भरलेला आहे, जुनापाणी आणि माहूरझरी ही त्यांतली गाजलेली नावं. टेंपल आणि हिस्लॉप दोघं ते खोदकाम पाहायला गेले. टेंपल पुढे बोरीच्या मुक्कामी निघून गेले, हिस्लॉप मागे रेंगाळले. ४ सप्टेंबरच्या रात्री घोड्यावरून एकटे परतताना पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. त्याच वर्षी संग्रहालय सुरू झालं. पुढे त्यांची टिपणं टेंपल यांनीच संपादून १८६६ मध्ये छापली. नागपुरातलं हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना माहीत असतं. हा ओढा बहुतेकांना माहीत नसतो.

आत शिरल्यावर पक्ष्यांच्या आणि प्राण्यांच्या दालनात एका शाळेची रांग होती. मुलं काचेला नाक लावून उभी, बाई “हात लावू नका, हात लावू नका” असं लयीत म्हणत होत्या. पेंढा भरलेल्या प्राण्यांसमोर मुलं जितकी थांबतात त्याच्या दहावा हिस्साही शिलालेखांसमोर थांबत नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. शिलालेख वाचायला कुणीतरी शेजारी उभं राहून सांगावं लागतं. नागपूरला असे सांगणारे होते. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशींनी आयुष्य घालवून वाकाटकांचा इतिहास ताम्रपटांतून आणि दगडांतून वेचून काढला, कालिदासाचा रामगिरी म्हणजे आपलं रामटेकच हे पुराव्यांनिशी मांडलं. वाकाटकांचे लेख एकत्र करणारा त्यांचा ग्रंथ १९६३ चा. त्यानंतर या दगडांकडे पाहताना निदान एवढं तरी कळतं, की अजिंठ्याच्या उत्कृष्ट लेण्यांना आश्रय देणाऱ्या घराण्याची दुसरी शाखा इथे, नागपूर-रामटेकच्या टापूत नांदत होती.

मी सगळ्यात जास्त वेळ गुंगेरियाच्या तांब्यापाशी काढला. १८७० साली बालाघाट जिल्ह्यातल्या गुंगेरिया गावाजवळ गुरं राखणाऱ्या दोन पोरांना जमिनीतून डोकावणारा धातूचा तुकडा दिसला. खणलं तर ४२४ तांब्याच्या वस्तू, कुऱ्हाडीची पाती आणि लांबोळ्या पहारींसारख्या, आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे. तांब्याचं वजनच पावणेचारशे किलोंच्या घरात. एवढा प्राचीन तांब्याचा साठा देशात दुसरा सापडलेला नाही. काही वस्तू लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या, काही इथे राहिल्या. कुणी, कशासाठी एवढं तांबं एका खड्ड्यात लपवलं, यावर तज्ज्ञांची मतं आहेत, पण मला त्या दोन गुराख्यांचंच कुतूहल वाटत राहतं. बक्षीस मिळालं असेल का त्यांना, की ओरडाच बसला असेल गुरं सोडून दिली म्हणून?

गुंगेरिया आज मध्य प्रदेशात आहे. या बंगल्यातल्या कितीतरी पाट्यांवरची गावं आज मध्य प्रदेशात नाहीतर छत्तीसगडात आहेत. १९५६ मध्ये राज्यांची फेररचना झाली, नागपूरची राजधानी गेली, विदर्भ आधी द्विभाषिक मुंबईत आणि मग १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. बदल्यात नागपूरला वर्षातून एक विधिमंडळाचं अधिवेशन मिळालं. माणसं, कचेऱ्या, फायली वाटल्या गेल्या, पण दगड जिथे होते तिथेच राहिले. मोडलेल्या मध्य प्रांताचा अख्खा नकाशा बघायचा तर तो आता या दालनांतच बघायला मिळतो.

किंवा मग थंडीत, सांस्कृतिक केंद्राच्या मेळ्यात. हे माझ्या ध्यानात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आलं.

तिकडे वळण्याआधी नागपूरच्या हंगामाबद्दल थोडं सांगायला हवं. इथला उन्हाळा असा, की मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत कुठलाही सोहळा उघड्यावर करणं म्हणजे वैर साधणं. म्हणून १८ मेचा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन इथे भिंतींच्या आतच बरा. खरा हंगाम पोळ्यानंतर उघडतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लहान मुलांचा. लाकडी नंदीबैल सजवून पोरं घरोघर जातात आणि बोजारा मागतात. वीतभर उंचीच्या बैलापासून माणसाएवढ्या नंदीपर्यंत सुतारांचं कसब रस्त्यावर येतं. त्याच दिवशी इतवारी-महालच्या गल्ल्यांतून काळी आणि पिवळी मारबत निघते. बांबू, कागद आणि कापडाचे हे अजस्र पुतळे आणि त्यांच्याबरोबरचे बडगे नावाचे पुतळे. ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ असा गजर करत त्या वर्षी शहराला जे जे नकोसं वाटलं असेल, ते सगळं नावानिशी बाहेर काढलं जातं. राजकारणी, महागाई, डास, कुणीही सुटत नाही. मला विचाराल तर महाराष्ट्रातली सगळ्यात तिखट शिल्पकला हीच. ती कुठल्या संग्रहालयात जात नाही, कारण संध्याकाळी जाळली जाते.

मग दसऱ्याला दीक्षाभूमी, आणि तिथली पुस्तकांची दुकानं. मग १९ ते २५ नोव्हेंबरचा जागतिक वारसा सप्ताह, तेव्हा संग्रहालयांत आणि पुरातत्त्वाच्या कचेऱ्यांत प्रदर्शनं, व्याख्यानं होतात. रामटेकचा आणि नागपूरचा कालिदास महोत्सव. डिसेंबरात आमदार येतात आणि सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यांवर सरकारी गाड्यांपेक्षा मोर्चे जास्त दिसतात. आणि त्याच सुमारास किंवा थोडं पुढेमागे, आमदार निवासाच्या समोरच्याच आवारात, हस्तकलेचा मेळा.

दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र हे लांबलचक नाव कुणी घेत नाही, ‘साऊथ सेंट्रल’ म्हणतात. १९८० च्या दशकाच्या मध्यात केंद्र सरकारने देशात अशी सात केंद्रं काढली: पतियाळा, उदयपूर, तंजावर, कोलकाता, अलाहाबाद, दिमापूर आणि नागपूर. नागपूरचं १९८६ चं. त्याच्या कक्षेत महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तेलंगण. पावसाळ्यात डॉ. वसंतराव देशपांडे स्मृती संगीत समारोह, थंडीत हा मेळा, मध्ये नाटकं, चित्रांची शिबिरं. मेळ्याचं नाव ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळा, पण बोलताना सगळे फक्त मेळा म्हणतात.

मावशी माझ्याबरोबर आली होती. शिरताशिरताच तिने जाहीर केलं, “मी आधी सगळ्यांत शेवटच्या दुकानापासून सुरुवात करते. पुढची दुकानं भाव उतरवत नाहीत.” तिला सोडून मी जिथे धातूकाम चाललं होतं तिथे जाऊन बसले.

तो कारागीर बस्तरचा, कोंडागावच्या बाजूचा. तिकडे या कामाला ढोकरा म्हणतात आणि करणाऱ्यांना घडवा. मेणाची पद्धत. मातीत भाताचं तूस कालवून आधी आतला गाभा करायचा, हत्ती असेल तर ओबडधोबड हत्ती. तो वाळला की त्यावर अगदी बारीक मातीचा हात द्यायचा, घासून गुळगुळीत करायचा. मग मेण. मधाच्या पोळ्याचं मेण राळ घालून उकळायचं, गाळायचं आणि दाबून त्याची सुतळीसारखी तार काढायची. ही तार गाभ्यावर शेजारीशेजारी गुंडाळत जायचं, म्हणजे अंगभर रेषांची कातडी तयार होते. डोळे, दागिने, शेपटीचा गोंडा, सगळं मेणाच्याच गोळ्यांनी आणि तारांनी. त्यावर पुन्हा मातीचे थर, आधी मऊ मग जाड, एक तोंड मोकळं सोडून. भट्टीत तापवलं की मेण जळून वितळून जातं आणि जिथे मेण होतं तिथेच पितळ शिरतं. थंड झालं की माती फोडायची. साचा फुटल्याशिवाय मूर्ती बाहेर येत नाही, म्हणून एकासारखी दुसरी निघत नाही. मोहेंजोदडोची ती कमरेवर हात ठेवून उभी असलेली नर्तकी, साडेचार हजार वर्षांपूर्वीची, तीही मेण वितळवूनच घडवली होती.

मेळ्यात भट्टी नव्हती. मेणापर्यंतचं काम इथे, पुढचं गावी. माझ्यासारख्या चार-पाच जणांना त्याने एकेक लहानसा मातीचा गाभा दिला. माझ्या वाट्याला कासव आलं. तार हातात घेतली आणि ती तुटली. दुसरी घेतली, तीही तुटली. नागपूरची थंडी, मेण कडक झालं होतं. त्याने हसून शेजारची निखाऱ्यांची पाटी माझ्याकडे सरकवली. “दीदी, आगी के ऊपर नहीं, बाजू में रखो। मोम को डराना नहीं।” मेणाला घाबरवायचं नाही! पाऊण तासात माझ्या कासवाच्या पाठीवर साडेतीन वेटोळी झाली, तीही अशी की दोहोंमधून बोट जावं. शेजारी बसलेली आठवीतली मुलगी तोवर कासव संपवून त्याला पिल्लू लावत होती.

त्याच्या दुकानावरच्या पाटीवर त्याचं नाव होतं, गावाचं नाव होतं, फोन नंबर होता. मला ती पाटी पाहून एक जुनं पुस्तक आठवलं. डिसेंबर १८६५ मध्ये टेंपल यांनी याच नागपुरात कला, उद्योग आणि शेतमालाचं मोठं प्रदर्शन भरवलं होतं. त्याचा अहवाल छापलेला आहे. पुढच्याच थंडीत जबलपूरला तसंच प्रदर्शन झालं आणि तिथे वस्तूंबरोबर माणसंही आणली गेली. मध्य प्रांतातल्या आदिवासी जमातींची माणसं बोलावून तपासण्यात आली, त्यांचं वर्णन लिहिलं गेलं. समितीचा तो अहवाल १८६८ मध्ये नागपूरला छापला. त्याच्या नावातच या माणसांना ‘नमुने’ म्हटलंय. दाणे, लाकूड आणि खडकांचे असतात तसे नमुने. नाव त्यात कुणाचंच विचारलेलं नसावं असं वाटतं. दीडशे वर्षांनी त्याच ऋतूत त्याच मुलखातून माणसं नागपूरला येतात, तिकीट काढून, आणि भावात घासाघीस करणाऱ्या माझ्या मावशीला ठणकावून सांगतात, “माताजी, इससे कम नहीं होगा।”

पलीकडे चित्रांच्या मांडवात पोरांची गर्दी. मंडला-दिंडोरीकडचे गोंड चित्रकार तिथे कागद वाटत होते. ठिपके, बारीक रेघा, माशाचे खवले, शिंगांतून उगवलेलं झाड. ही शैली कागदावर आली ती अगदी अलीकडे. पाटणगढच्या प्रधान समाजातला जनगढसिंह श्याम हा तरुण १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांच्या पथकाला सापडला आणि भोपाळच्या भारत भवनात आला. प्रधान म्हणजे गोंडांचे गाणारे. बाना नावाचं वाद्य वाजवून ते देवांच्या आणि राजांच्या कथा सांगत. जनगढने गाणं रेषेत उतरवलं असं म्हणतात, आणि ते पटतं. भिंतीवरच्या छुईमातीच्या, गेरूच्या नक्षीला त्याने कॅनव्हासवर आणलं, १९८९ मध्ये त्याची चित्रं पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात गेली. २००१ मध्ये जपानमधल्या एका संग्रहालयात राहून चित्रं काढत असताना तो तिथेच वारला. चाळिशीही गाठली नव्हती. त्याने रुळवलेल्या वाटेवर आज शेकडो माणसांचं पोट चालतं, आणि ‘गोंड आर्ट’ म्हणून छापलेल्या उशांच्या अभ्र्यांवर त्याचं नाव कुठेच नसतं.

मांडवातला चित्रकार मुलांना विषय देत नव्हता. “आपके घर के पास क्या दिखता है?” एवढंच विचारत होता. एका मुलाने मेट्रो काढली. चित्रकाराने ती निरखून पाहिली आणि डब्यांच्या आत ठिपके कसे भरायचे ते दाखवलं. मेट्रो बघता बघता घोणस झाली.

करवतकाठीच्या मागाशी मावशी मला पुन्हा भेटली. हा आमच्या घरातला जिव्हाळ्याचा विषय. आजीचं एक टसरचं लुगडं अजून मावशीच्या कपाटात आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या जंगलांत ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर कोसा वाढतो. ढीवर समाजातली माणसं त्याची राखण करतात, पाखरांपासून, मुंग्यांपासून, रात्री जागून. मग कोष्ट्यांच्या मागावर त्याचं कापड. करवतकाठी म्हणजे काठाला करवतीसारखे दाते. ते छापलेले किंवा वरून भरलेले नसतात, विणतानाच होतात. दोन्ही काठांचा एकेक आणि अंगाचा एक असे तीन धोटे चालतात. काठाचा रंगीत धागा आणि अंगाचा कोशाचा धागा प्रत्येक ओळीत एकमेकांत अडकवावा लागतो, तेव्हा कुठे एक दाता उठतो. विणकराने काम थांबवून दाखवलं, पुन्हा दाखवलं. मला तिसऱ्यांदा समजलं. मावशीला पहिल्यांदाच समजलं होतं, पण तिला काठ तपासायचा होता.

“आता यंत्रावरचे दाते येऊन राहिले,” विणकर म्हणाला. ओळखायचं कसं? त्याने साडी उलटी केली. “मागून पाहा. हातचं काम दोन्ही बाजूंनी सारखं.” मावशीने ही खूण अशी लक्षात ठेवली, की पुढच्या तीन दुकानांत तिने सगळ्या साड्या उलट्याच पाहिल्या.

खाण्याबद्दल थोडक्यात. सहा राज्यांची दुकानं होती आणि मी सांबारवडी खाल्ली. नागपुरात सांबार म्हणजे कोथिंबीर. बाहेरच्या माणसाला ही वडी इडलीची नातेवाईक वाटते आणि पहिल्या घासाला त्याची फसगत होते. थंडीत कोथिंबीर स्वस्त आणि कोवळी, म्हणून ही वडी याच दिवसांत खावी.

रात्री सात वाजता रंगमंचावर नाच सुरू झाले. निवेदकाचा उत्साह नर्तकांपेक्षा जास्त होता, हे अशा कार्यक्रमांचं जुनं दुखणं. प्रत्येक नाच ‘निसर्गाशी एकरूप’ असतो आणि प्रत्येक समाज ‘भोळाभाबडा’. पण ढोल वाजायला लागल्यावर निवेदकाचं कुणी ऐकत नाही. कर्नाटकचा डोळ्ळु कुणिता आधी झाला. छातीवर बांधलेल्या त्या पिंपाएवढ्या ढोलांनी पुढच्या रांगेतली खुर्ची थरथरते. मग तेलंगणातल्या आदिलाबादचे राजगोंड आले, गुसाडी घेऊन. मोरपिसांचे भले मोठे मुकुट, अंगाला राख, हातात काठी. दिवाळीच्या दिवसांत गावोगाव फिरून हा नाच होतो, त्या सोहळ्याला ते दंडारी म्हणतात. इकडे आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, लोकनाट्याला दंडार म्हणतात. गुसाडीचे गुरू कनक राजू यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली आणि झाडीपट्टी रंगभूमीचे डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ ची. वडसा-देसाईगंज हे झाडीपट्टीचं ठाणं; दिवाळीनंतर शिमग्यापर्यंत तिथून निघणाऱ्या मंडळ्या गावागावांत रात्रभर नाटकं करतात. तो हंगाम पाहायचा तर नागपुरात बसून चालणार नाही, तो वेगळा प्रवास.

शेवटी बस्तरचे मारिया आले. कवड्यांच्या माळा सोडलेली गव्याची शिंगं डोक्यावर, गळ्यात लांब ढोल, आणि बायकांच्या हातात लोखंडी काठ्या, जमिनीवर आपटताना छन्न वाजणाऱ्या. ग्रिगसन नावाच्या अधिकाऱ्याने १९३८ मध्ये यांच्यावर पुस्तक लिहिलं आणि या शिंगांवरूनच या जमातीला इंग्रजीत नाव पडलं. नाच संपला तेव्हा मंचामागे मी काही वेळ उभी होते. मुकुट उतरवलेला एक आदिलाबादचा गडी आणि शिंगं काखोटीला मारलेला एक बस्तरचा म्हातारा एकमेकांशी बोलत होते. एकाला तेलुगू येत होतं, दुसऱ्याला हिंदी, आणि दोघंही त्यातलं काही बोलत नव्हते. गोंडी होती ती. अडत, एकमेकांचे शब्द पुन्हा विचारत, हसत चाललं होतं. मंडल्याचा एक चित्रकार येऊन त्यांच्यात उभा राहिला. त्याला बहुधा त्या दोघांपेक्षा कमी कळत होतं, कारण तिकडे आता घरात हिंदीच जास्त. तीन राज्यांचे तिघे, आणि ज्या शहरात उभे होते ते १७०२ च्या सुमारास वसवलं ते देवगडच्या बख्त बुलंद शाहने, एका गोंड राजाने. मावशीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, “हो ना, बाप्पा. त्याचा पुतळाही आहे की. चल, ऑटो मिळणार नाही नंतर.”

ढोकऱ्याचं कासव पुरं करायला मी रविवारी पुन्हा गेले. मेणाची तार आता निम्म्या वेळाच तुटत होती. बोलता बोलता त्या कारागिराला मी गुंगेरियाच्या तांब्याबद्दल सांगितलं. ४२४ वस्तू म्हटल्यावर त्याचे हात थांबले. ओतलेल्या की ठोकलेल्या, त्याने विचारलं. पात्यांची धार कशी आहे, कडेला शिवण दिसते का, पृष्ठभागावर बुडबुड्यांची भोकं आहेत का? मला यातलं एकही उत्तर येत नव्हतं. मी त्या काचेसमोर अर्धा तास उभी होते आणि त्या दोन गुराख्यांचाच विचार करत होते. “मैं देखूँगा तो बता दूँगा,” तो म्हणाला. मेळा असेपर्यंत दुकान सोडता येत नव्हतं, शनिवार-रविवार तर नाहीच. पण सोमवारी सकाळी गिऱ्हाईक कमी असतं, भाच्याला बसवून तासभर येतो म्हणाला.

सोमवारी साडेदहाला आम्ही दोघं अजब बंगल्याच्या फाटकाशी पोचलो. फाटक बंद. तिथे लावलेल्या पाट्या, छापील माहिती, सगळं मी वाचून आले होते आणि नेमकी ही ओळ विसरले होते: सोमवारी सुट्टी. मी ओशाळून त्याची माफी मागायला लागले. माझं लक्ष नव्हतं, चूक सर्वस्वी माझी.

त्याने गजांना हात धरून थोडा वेळ आतल्या बैठ्या इमारतीकडे पाहिलं. मग विचारलं, “ताँबा ख़ाली रखा है या शीशे में?”

काचेत, मी म्हटलं.

“तो सामने से ही दिखेगा,” तो म्हणाला. “पीछे से देखना पड़ता है।”

परतताना रस्त्यात तर्री-पोह्यांच्या गाडीवर थांबलो. पैसे त्याने दिले, मला देऊ दिले नाहीत. मंगळवारी संध्याकाळी माझी विदर्भ एक्स्प्रेस होती. मेणाचं कासव मी त्याच्याकडेच ठेवून आले. गावी गेल्यावर भट्टीत घालतो म्हणालाय. वेटोळी मोजलीयेत त्याने, सतरा झालीत.